मेमरी पेजेसचे स्थलांतर : संगणकाच्या कर्नलमधील एका तंत्राचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

संगणकाचा कार्यक्रम चालू असताना त्याच्या मेमरीतील पेजेस एका नोडवरून दुसऱ्या नोडवर हलविण्याचे तंत्र आज लिनक्स कर्नलचा एक नित्याचा भाग झाले आहे. हे तंत्र केवळ गती वाढविण्याच्या गरजेतून निर्माण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत शोधनिबंधात १९६२ ते २०२२ या कालखंडातील घडामोडींचा आढावा घेऊन या समजाची तपासणी केली आहे. तंत्रामागील कल्पना गतीच्या गरजेतून आली. परंतु ती प्रत्यक्षात आणणारी यंत्रणा मात्र बंद न करता मेमरी काढून घेता यावी या देखभालीच्या गरजेतून आली, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : कर्नल, मेमरी, पेज, नोड, स्थलांतर, लिनक्स.

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'ऑपरेटिंग सिस्टिम' हा विषय शिकविताना मेमरीचे चित्र बहुधा एका लांबलचक पट्टीसारखे काढले जाते. पट्टीवरील प्रत्येक घर प्रोसेसरपासून सारख्याच अंतरावर आहे, असे त्या चित्रात गृहीत धरलेले असते. घरगुती संगणकापुरते हे चित्र पुरेसे आहे. परंतु एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये मेमरी विभागलेली असते. प्रत्येक प्रोसेसरला जोडून मेमरीचा एक भाग असतो, आणि प्रोसेसर व त्याची मेमरी मिळून एक 'नोड' होतो. स्वतःच्या नोडवरील मेमरी प्रोसेसरला लवकर मिळते, दुसऱ्या नोडवरील उशिरा मिळते. या रचनेला 'नूमा', म्हणजे असमान अंतरावरील मेमरीची रचना, असे म्हणतात. लिनक्समध्ये नोडचे स्वतःपासूनचे अंतर १० हा अंक धरून मोजतात. दुसऱ्या नोडचे अंतर यंत्राने कळविले नसेल तर ते २० मानले जाते.

अंतर आले की 'कोणती वस्तू कोठे ठेवावी' हा प्रश्न येतो. वस्तू चुकीच्या जागी पडली असेल तर 'ती हलवावी की आहे तेथेच राहू द्यावी आणि हलवायची तर कोणी ठरवावे' हा त्यापुढचा प्रश्न. कर्नलमधील पेज-स्थलांतराचा इतिहास म्हणजे या प्रश्नांना वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) पेज-स्थलांतराच्या कल्पनेचा उगम व विकास कालक्रमाने अभ्यासणे.
२) लिनक्स कर्नलमध्ये हे तंत्र कोणत्या परिस्थितीत स्वीकारले गेले याचा शोध घेणे.
३) स्थलांतराचा निर्णय कोणाच्या हाती राहिला याचे विश्लेषण करणे.

गृहीतक :

पेज-स्थलांतराचे तंत्र नूमा रचनेतील गतीच्या गरजेतून निर्माण झाले व त्याच गरजेतून विकसित झाले.

संशोधन पद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लिनक्स कर्नलचा मूळ मजकूर, त्यासोबतची दस्तऐवजे व परिषदांमधून प्रसिद्ध झालेले शोधनिबंध ही या विषयाची प्रमुख साधने होत. कर्नलच्या फाइलींच्या आरंभी कर्त्यांची नोंद असते. इतिहासाच्या दृष्टीने ती प्राथमिक साधनाइतकीच मोलाची आहे. अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः लिनक्सपुरती मर्यादित ठेवली आहे.

पूर्वपीठिका : पेजची कल्पना

मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे पाडून ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावयाचे, ही कल्पना नूमा रचनेहून जुनी आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या 'ॲटलस' या संगणकाचे उद्घाटन डिसेंबर १९६२ मध्ये झाले. या यंत्रात १६,३८४ शब्दांची वेगवान चुंबकीय मेमरी व ९८,३०४ शब्दांचा मंद ड्रम होता. कार्यक्रम लिहिणाऱ्याला मात्र या दोहोंमधील भेद जाणवू नये अशी योजना होती. ५१२ शब्दांचे एक पेज धरले जाई. हवे असलेले पेज वेगवान मेमरीत नसेल तर ते ड्रमवरून आपोआप आणले जाई, आणि जागा करण्यासाठी कोणते पेज बाहेर काढावे हे यंत्र पूर्वीच्या वापरावरून ठरवी.

येथे दोन गोष्टी प्रथमच एकत्र आल्या. पेजचा पत्ता व त्याची प्रत्यक्ष जागा यांची फारकत झाली, आणि जागा ठरविण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. पुढे १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी 'वर्किंग सेट' ही संकल्पना मांडली. कार्यक्रम कोणत्याही एका कालावधीत आपल्या सर्व पेजेसना सारखा हात लावत नाही. त्या वेळी त्याला थोड्याच पेजेसची गरज असते, हे त्यांनी दाखवून दिले. अलीकडे वापरलेले पेज लवकरच पुन्हा लागेल, या गृहीतावरच पुढील सर्व स्थलांतर-नीती उभ्या आहेत.

कल्पनेचा काळ : १९८९ ते १९९७

१९७० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'सीएम-स्टार' या प्रायोगिक यंत्रात मेमरीची असमान अंतरे प्रकर्षाने समोर आली. १९८० च्या दशकात बीबीएन कंपनीचे 'बटरफ्लाय' यंत्र अनेक विद्यापीठांत अभ्यासासाठी वापरले गेले. मेमरी विभागलेली, परंतु सर्व प्रोसेसरना समाईक, असे या यंत्रांचे स्वरूप होते. त्याच सुमारास दुसराही मार्ग रूढ होत होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला 'परम ८०००' हा महासंगणक त्या दुसऱ्या मार्गावरचा होता. त्यात प्रत्येक नोडची मेमरी स्वतंत्र होती व नोड एकमेकांस संदेश पाठवून माहिती देत. तेथे माहिती कोठे असावी हे कार्यक्रम लिहिणाराच ठरवी. समाईक मेमरीच्या मार्गावर मात्र ही जबाबदारी कर्नलने घ्यावी अशी अपेक्षा निर्माण झाली.

डिसेंबर १९८९ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमविषयक प्रसिद्ध परिषदेत या विषयावर दोन महत्त्वाचे निबंध सादर झाले. विल्यम बोलोस्की, रॉबर्ट फिट्झजेराल्ड व मायकेल स्कॉट यांनी आयबीएमच्या 'एस' या बहुप्रोसेसर यंत्रावरील प्रयोग मांडला. ॲलन कॉक्स व रॉबर्ट फाउलर यांनी रोचेस्टर विद्यापीठातील 'प्लॅटिनम' या कर्नलची मांडणी केली. दोन्ही ठिकाणी केवळ वाचले जाणारे पेज अनेक नोडवर प्रती करून ठेवले जाई आणि लिहिले जाणारे पेज लिहिणाऱ्याजवळ नेले जाई.

या दोन्ही निबंधांतील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दोन प्रोसेसर एकाच पेजवर आळीपाळीने लिहू लागले तर ते पेज सतत इकडून तिकडे फिरत राहील व हलविण्याचाच खर्च वाढेल, हे दोन्ही गटांनी ओळखले होते. म्हणून अशा पेजचे फिरणे थांबवून ते एका जागी स्थिर करण्याची तरतूद दोघांनीही केली. केव्हा हलवू नये हे ठरविणे हा प्रश्न तंत्राच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत होता.

याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात 'डॅश' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात चार-चार प्रोसेसरचे गट जोडून प्रत्येक गटाला स्वतःची मेमरी व कॅश जुळविण्यासाठी नोंदवही दिलेली होती. या प्रकल्पातील जेम्स लॉडन व डॅनियल लेनोस्की पुढे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत गेले. त्या कंपनीचे 'ओरिजिन २०००' हे यंत्र १९९६ मध्ये बाजारात आले. कोणत्या पेजला कोणत्या नोडवरून किती वेळा हात लागतो हे मोजणारे गणक या यंत्रात प्रत्यक्ष हार्डवेअरमध्येच बसविलेले होते. त्याच वर्षी बेन व्हर्गिस, स्कॉट डेव्हाइन, अनुप गुप्ता व मेंडेल रोझेनब्लम यांनी पेजेसचे स्थलांतर व प्रती करणे यांस कर्नलने कसे साहाय्य करावे यावर निबंध प्रसिद्ध केला.

येथपर्यंतचा इतिहास गृहीतकाशी जुळतो. अंतर होते, गतीची हानी होत होती व ती भरून काढण्यासाठी पेजेस हलविण्याचे प्रयोग झाले. परंतु हे प्रयोग विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत व मोजक्या महागड्या यंत्रांतच राहिले. सर्वसामान्य कर्नलमध्ये हे तंत्र येण्यास आणखी सुमारे दहा वर्षे लागली.

लिनक्समधील पूर्वतयारी : २००२ ते २००५

पेज हलविण्यात नेमकी अडचण कोणती, हे समजण्यासाठी महाविद्यालयीन ग्रंथालयाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. एखादे पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवायचे झाले तर पुस्तक उचलणे हे सोपे काम असते. ज्या ज्या तालिकापत्रावर त्याच्या जुन्या कपाटाची नोंद आहे ते प्रत्येक पत्र शोधून दुरुस्त करणे हे अवघड काम. लेखकानुसार, विषयानुसार व शीर्षकानुसार अशी तीन पत्रे असतील तर तिन्ही बदलली पाहिजेत. एक जरी राहिले तरी वाचक रिकाम्या जागी जाईल.

मेमरीचे एक पेज अनेक कार्यक्रमांच्या तक्त्यांत नोंदलेले असू शकते. तक्त्यावरून पेज शोधता येत असे, परंतु पेजवरून त्याचे सर्व तक्ते शोधण्याची सोय लिनक्समध्ये पूर्वी नव्हती. २००२ मध्ये २.५ या विकास-मालिकेत रिक व्हॅन रील यांनी तयार केलेली 'रिव्हर्स मॅपिंग' ही यंत्रणा समाविष्ट झाली व पेजवरून तक्त्यांकडे जाण्याची वाट उपलब्ध झाली. मेमरी कमी पडली असता पेजेस नीट बाहेर काढता यावीत हा तिचा हेतू होता. स्थलांतराचा विचार त्यात नव्हता. तरीही या यंत्रणेवाचून स्थलांतर अशक्य होते.

याच काळात यंत्रेही बदलत होती. एप्रिल २००३ मध्ये एएमडी कंपनीने 'ऑप्टेरॉन' हा प्रोसेसर आणला. त्यात मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरच्या चिपमध्येच होते. त्यामुळे दोन प्रोसेसरचा साधा सर्व्हरही नूमा रचनेचा झाला. सिलिकॉन ग्राफिक्सने 'अल्टिक्स' या यंत्रमालेसाठी लिनक्सचा स्वीकार केला. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्रात ५१२ प्रोसेसरचे एक अल्टिक्स यंत्र उभारण्यात आले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडलेल्या कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ २००४ मध्ये त्यास 'कल्पना' हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी अशा २० यंत्रांचा मिळून १०,२४० प्रोसेसरचा 'कोलंबिया' महासंगणक साकार झाला. एवढ्या मोठ्या यंत्रावर अनेक वैज्ञानिकांची कामे एकाच वेळी चालतात व एक काम संपले की दुसऱ्याला जागा करून द्यावी लागते. प्रोसेसर बदलून देणे शक्य होते, परंतु कामाची मेमरी जुन्याच नोडवर पडून राही.

२००४ मधील लिनक्स २.६.७ या आवृत्तीत अँडी क्लीन यांनी तयार केलेली मेमरी-नीतीची सोय आली. कोणत्या नोडवरून मेमरी घ्यावी हे कार्यक्रमाला सांगता येऊ लागले. २००५ मधील २.६.१२ या आवृत्तीत 'सीपीयूसेट' आले व प्रोसेसर आणि नोड यांचे गट पाडून ते कामांना वाटून देता येऊ लागले. या दोन्ही सोयी मेमरी प्रथम देताना उपयोगी पडणाऱ्या होत्या. एकदा दिलेली मेमरी हलविण्याची सोय अद्याप नव्हती.

स्थलांतराचा स्वीकार : २००६

लिनक्समधील पेज-स्थलांतराचा मजकूर ज्या फाइलीत आहे तिच्या आरंभीच एक महत्त्वाची नोंद आढळते. हे तंत्र प्रथम 'मेमरी हॉटप्लग' प्रकल्पाच्या संदर्भात विकसित झाले, असे तेथे स्पष्टपणे म्हटले आहे. प्रमुख कर्ते म्हणून इवामोटो तोशिहिरो, हिरोकाझू ताकाहाशी, डेव्ह हॅन्सेन व ख्रिस्तोफ लॅमिटर ही नावे दिलेली आहेत.

हॉटप्लग म्हणजे यंत्र चालू असताना मेमरीची पट्टी बसविणे किंवा काढणे. मोठ्या सर्व्हरमध्ये एखादी पट्टी सदोष झाली तर संपूर्ण यंत्र बंद करावे लागू नये, ही त्यामागील गरज होती. पट्टी काढण्यापूर्वी तिच्यावरील प्रत्येक पेज दुसरीकडे हलवावे लागते आणि ते हलत असताना कार्यक्रम थांबता कामा नये. या गरजेत गतीचा संबंध नव्हता, देखभालीचा होता. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम करणाऱ्या लॅमिटर यांनी ही यंत्रणा नूमा यंत्रांच्या कामी आणली.

मार्च २००६ मध्ये प्रसृत झालेल्या २.६.१६ या आवृत्तीत 'मायग्रेट पेजेस' हा कॉल आला. त्याद्वारे एखाद्या प्रक्रियेची सर्व पेजेस एका नोडसमूहावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. हे साधन प्रामुख्याने व्यवस्थापकासाठी होते. सप्टेंबर २००६ मधील २.६.१८ या आवृत्तीत 'मूव्ह पेजेस' हा दुसरा कॉल आला. त्यात कार्यक्रम एकेका पेजचे नाव घेऊन ते कोणत्या नोडवर न्यावे हे सांगू शकतो.

हलविण्याची क्रिया पुढील क्रमाने होते. प्रथम पेज कर्नलच्या नेहमीच्या यादीतून वेगळे काढले जाते व इच्छित नोडवर नवे रिकामे पेज घेतले जाते. जुने पेज कुलूपबंद करून, रिव्हर्स मॅपिंगच्या आधारे त्याच्या सर्व नोंदी शोधल्या जातात व प्रत्येक नोंदीच्या जागी 'मायग्रेशन एंट्री' ही तात्पुरती खूण ठेवली जाते. ग्रंथालयाच्या उदाहरणात बोलायचे तर प्रत्येक तालिकापत्रावर 'पुस्तक हलविले जात आहे, थांबावे' अशी चिठ्ठी लावली जाते. या दरम्यान कोणी ते पेज मागितले तर त्यास थांबावे लागते. त्यानंतर मजकुराची प्रत नव्या पेजवर केली जाते, खुणांच्या जागी नव्या जागेच्या नोंदी लिहिल्या जातात व जुने पेज मोकळे केले जाते. कार्यक्रमाच्या दृष्टीने पत्ता तोच राहतो.

आरंभी या तात्पुरत्या खुणेसाठी स्वॅपच्या नोंदींचा आधार घ्यावा लागे. २.६.१८ मध्ये स्वतंत्र खूण आल्यावर ते अवलंबित्व संपले. मात्र सर्वच पेजेस हलविता येत नाहीत. कर्नलची स्वतःची बरीचशी मेमरी व एखाद्या उपकरणाने थेट देवाणघेवाणीसाठी धरून ठेवलेली पेजेस जागेवरच राहतात.

ज्या मूळ हेतूसाठी हे तंत्र विकसित झाले, ती मेमरी काढण्याची सोय मुख्य कर्नलमध्ये त्यानंतर, म्हणजे जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत आली. हेतू आधीचा होता, परंतु दुसऱ्याच उपयोगामुळे साधन त्याच्याआधी स्वीकारले गेले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात कालक्रम व कार्यकारणभाव यांची गल्लत होऊ नये यासाठी हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

निर्णय कोणी घ्यावा? : २००६ ते २०१४

लिनक्सची मूळ रीत अशी की, ज्या प्रोसेसरने पेजला प्रथम हात लावला त्याच्या नोडवर ते पेज दिले जाते. एखाद्या कार्यक्रमात एकाच धाग्याने आरंभीची सर्व मांडणी केली आणि पुढील काम अनेक धाग्यांनी केले, तर सर्व मेमरी एकाच नोडवर साचते. २००६ नंतर ती हलविणे शक्य झाले खरे, पण कोणीतरी सांगितल्याशिवाय काही हलत नव्हते.

ही जबाबदारी माणसावर टाकण्याचे परिणामही दिसून आले. २०१० च्या सुमारास मायएसक्यूएल डेटाबेस चालविणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येत होता. यंत्रात बरीच मेमरी मोकळी असूनही कर्नल डेटाबेसची पेजेस डिस्कवर टाकू लागे. एक नोड भरलेला व दुसरा मोकळा हे त्याचे कारण होते. मेमरी सर्व नोडवर आळीपाळीने वाटण्याचा उपाय तेव्हा सुचविला गेला. त्याने अंतराचा लाभ सोडून द्यावा लागे, पण संकट टळे.

साधनातही उणिवा होत्या. 'मूव्ह पेजेस' या कॉलला लागणारा वेळ पेजेसच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असे. ४ किलोबाइटचे एक पेज धरले तर १ गिगाबाइट मेमरीत २,६२,१४४ पेजेस होतात. अशा संख्येला हे साधन निरुपयोगी ठरत होते. फ्रान्समधील इन्रिया संस्थेचे ब्रिस गोग्लँ यांनी केलेली सुधारणा २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत आली व हा दोष दूर झाला.

मार्च २००९ मध्ये इंटेलच्या 'झिऑन ५५००' मालिकेनंतर नूमा रचना बहुसंख्य सर्व्हरमध्ये आली. आता प्रत्येक व्यवस्थापकाकडून नोडचा हिशोब ठेवण्याची अपेक्षा करणे अवघड झाले. २०१२ मध्ये पीटर झिल्स्ट्रा व अँड्रिया आर्कांजेली यांनी स्वयंचलित स्थलांतराचे दोन भिन्न प्रस्ताव मांडले. या दोहोंत एकमत होत नसताना मेल गोर्मन यांनी दोघांनाही पाया म्हणून वापरता येईल अशी मर्यादित रचना तयार केली व ती फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत स्वीकारली गेली. जानेवारी २०१४ मधील ३.१३ मध्ये तिच्यात मोठ्या सुधारणा झाल्या.

'ओरिजिन'प्रमाणे हार्डवेअरमधील गणक येथे उपलब्ध नव्हते. म्हणून कर्नल कार्यक्रमाच्या काही पेजेसवरील प्रवेश मुद्दाम तात्पुरता बंद करतो. कार्यक्रमाने त्या पेजला हात लावला की कर्नलला सूचना मिळते व कोणत्या नोडवरून मागणी आली हे कळते. एका मागणीवरून लगेच पेज हलविले जात नाही. लागोपाठ दुसऱ्यांदा त्याच नोडवरून मागणी आली तरच ते हलविण्यास पात्र ठरते. १९८९ मधील 'केव्हा हलवू नये' हा विचार चोवीस वर्षांनी नव्या रूपात येथे दिसतो.

तंत्राचा विस्तार : २०१० ते २०२२

दरम्यान पेज-स्थलांतराचा उपयोग नोडशी संबंध नसलेल्या क्षेत्रांतही होऊ लागला. ऑगस्ट २०१० मधील २.६.३५ या आवृत्तीत मेल गोर्मन यांनी 'कॉम्पॅक्शन' आणले. मेमरीत विखुरलेली पेजेस एका बाजूला सरकवून सलग मोकळी जागा तयार करणे हे त्याचे कार्य होय. २०१२ मधील ३.५ या आवृत्तीत आलेल्या 'सीएमए' या यंत्रणेत कॅमेरा व व्हिडिओ यांसारख्या उपकरणांना सलग मेमरी देण्यासाठी तेथील पेजेस ऐनवेळी दुसरीकडे हलविली जातात. मोबाइल फोनमध्ये नूमा रचना नसते. तरीही ज्या यंत्रणेने महासंगणकावरील पेजेस हलतात तीच यंत्रणा अशा लहान उपकरणांतही उपयोगी पडली.

२०१९ मध्ये इंटेलने 'ऑप्टेन' ही मोठी परंतु तुलनेने मंद मेमरी बाजारात आणली. कर्नलने तिला प्रोसेसर नसलेला नोड मानले. ऑक्टोबर २०२१ मधील ५.१५ या आवृत्तीत कमी वापराची पेजेस बाहेर टाकण्याऐवजी अशा मंद नोडवर उतरविण्याची सोय झाली. मे २०२२ मधील ५.१८ मध्ये वापरात आलेली पेजेस पुन्हा वेगवान नोडवर चढविण्याची सोय आली. डिसेंबर २०२२ मधील ६.१ मध्ये मेमरीच्या श्रेणी स्पष्टपणे मांडल्या गेल्या. मात्र जुलै २०२२ मध्येच इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले होते. ज्या वस्तूसाठी ही सोय प्रामुख्याने लिहिली गेली ती वस्तू मागे पडली, परंतु सोय टिकली. 'सीएक्सएल' या जोडणीद्वारे येणाऱ्या मेमरीसाठी तिचा आधार घेतला जाऊ लागला. वेगवान व मंद मेमरीमधील ही ये-जा पाहिली की ॲटलसचा ड्रम आठवतो.

निष्कर्ष :

१) पेज-स्थलांतराची कल्पना गतीच्या गरजेतून आली, हा गृहीतकाचा भाग १९८९ ते १९९७ च्या प्रयोगांवरून मान्य करता येतो.

२) परंतु लिनक्समधील प्रत्यक्ष यंत्रणा सदोष मेमरी यंत्र बंद न करता काढता यावी या देखभालीच्या गरजेतून, आणि पेजेस नीट बाहेर काढण्यासाठी आलेल्या रिव्हर्स मॅपिंगच्या आधारे उभी राहिली. त्यामुळे गृहीतक अंशतः अमान्य करावे लागते.

३) निर्णयाचा अधिकार एकाच दिशेने सरकलेला नाही. १९८९ च्या प्रयोगांत तो कर्नलकडे होता, २००४ ते २००६ मध्ये व्यवस्थापक व कार्यक्रमकर्त्याकडे आला, २०१३ मध्ये पुन्हा कर्नलकडे गेला. आज तिन्ही मार्ग शेजारी शेजारी नांदत आहेत.

४) हलविण्याची यंत्रणा व हलविण्याची नीती वेगळ्या ठेवल्यामुळे एकच यंत्रणा नोड, सलग जागा व मेमरीच्या श्रेणी अशा भिन्न कामांना उपयोगी पडली.

५) प्रत्येक टप्प्यावर हलविण्याइतकेच न हलविण्याच्या नियमालाही महत्त्व राहिले आहे.

समारोप :

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना नवी कल्पना मांडणाऱ्यांची नावे लक्षात राहतात. देखभाल, दुरुस्ती व जुन्या दोषांचे निवारण करणाऱ्यांची नावे बहुधा मागे पडतात. १९८९ चे निबंध महत्त्वाचे होतेच, परंतु पेजेस प्रत्यक्ष हलू लागली ती सदोष पट्टी काढण्याचा विचार करणाऱ्यांमुळे. ही बाब कर्त्यांच्या नोंदीसह फाइलीत लिहून ठेवली गेली, म्हणूनच आज तिचा माग काढता येतो. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने एवढे सुचवावेसे वाटते की, मेमरीची एकसंध पट्टी शिकवून झाल्यावर तिचे नोड, अंतरे व स्थलांतर यांचाही परिचय पदवी स्तरावर करून द्यावा. तो करून देताना ही यंत्रणा कोणत्या गरजेतून आली हेही सांगितले जावे. अन्यथा विद्यार्थ्याला हे तंत्र जणू एकदाच, एकाच हेतूने घडविले गेले असे वाटेल, आणि त्याचा इतिहास तसा नाही.